आडात चाळीस अँपिअर, पोहऱ्यात पाच हजार वॉट?

लग्नसराईच्या दिवसांत नायगावहून नरसीच्या चौकाकडे जाताना रस्त्याच्या कडेला दहा मिनिटं नुसतं उभं राहून बघा. ट्रॅक्टर जातो, मडगार्डच्या मागं दोन वूफर. पिकअप जाते, केबिनच्या पाठीमागं अख्खी भिंत. स्कॉर्पिओ जाते, तिच्या काचा आतून थरथरतात. छोटा हत्ती, काळी-पिवळी, सगळ्यांच्या पोटात काहीतरी धडधडत असतं. आणि यातल्या जवळपास प्रत्येकाचा मालक तुम्हाला छातीठोकपणे एक आकडा सांगेल. ‘आपला पाच हजार वॉटचा हाय.’ दुसरा म्हणेल, ‘आमचा आठ हजारचा हाय, लई दणका मारतंय.’

तो आकडा त्यानं स्वतः मोजलेला नसतो. दुकानदारानंही मोजलेला नसतो. तो खोक्यावर सोनेरी अक्षरात छापलेला असतो आणि आपण सगळे तो देवाच्या अंगाऱ्यासारखा कपाळाला लावून घेतो.

माझं म्हणणं अगदी सरळ आहे. चार आकडी किमतीत मिळणारा, वहीएवढ्या आकाराचा, बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा पाच हजार वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर अस्तित्वातच नाही. आणि हे ओळखायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. बारावीचं फिजिक्स पुरतं. खरं तर शेतातली मोटार पाहिलेली असली तरी पुरतं.

आधी मोटारीकडं बघा

एक हॉर्सपॉवर म्हणजे साधारण ७४६ वॉट. म्हणजे आपल्या विहिरीवरची पाच एचपीची मोटार झाली ३७३० वॉटची. पाच हजार वॉट म्हणजे जवळजवळ पावणेसात एचपी.

आता विचार करा. पाच एचपीच्या मोटारीला काय काय लागतं? डीपीवरून आलेली थ्री फेज लाइन, जाड केबल, स्टार्टरची पेटी. ती मोटार एकट्यानं उचलून दाखवा. ती पाणी विहिरीच्या तळातून वर आणते आणि एकराला भिजवते. आणि तिच्यापेक्षा जास्त ताकदीचा म्हणवणारा अ‍ॅम्प सीटच्या खाली मावतो, करंगळीएवढ्या वायरवर चालतो आणि एका हातानं उचलता येतो! कुठंतरी पाणी मुरतंय, एवढं तर कळायलाच पाहिजे.

आपल्या आज्जी-आजोबांनी याचं उत्तर फिजिक्स न शिकता देऊन ठेवलंय. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? अ‍ॅम्प्लिफायर वीज तयार करत नाही. तो बॅटरी आणि अल्टरनेटरकडून (ज्याला आपले मेस्त्री डायनामोच म्हणतात) वीज घेतो आणि गाण्याच्या लयीत ती स्पीकरला देतो. जेवढी घेईल त्याच्यापेक्षा जास्त देणं त्याला शक्य नाही. उलट थोडी वाटेत उष्णता होऊन वाया जाते, म्हणून तर अ‍ॅम्पची बॉडी तापते आणि तिला पंख काढलेले असतात.

मग आडात किती पाणी आहे ते मोजू. आपल्याकडच्या मध्यम ट्रॅक्टरचा अल्टरनेटर साधारण चाळीस अँपिअरच्या आसपासचा असतो. इंजिन चालू असताना व्होल्टेज धरा चौदा. वॉट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. ४० × १४ = ५६० वॉट. संपला हिशेब. ट्रॅक्टरचे हेडलाइट बंद, बॅटरी फुल, सगळीच्या सगळी वीज अ‍ॅम्पला दिली, तरी आत जाणार ५६० वॉट. त्यातून पाच हजार बाहेर काढणारा माणूस भेटला तर त्याला आधी महावितरणमध्ये नोकरी द्यायला पाहिजे.

छोट्या कारचा अल्टरनेटर याच्यापेक्षा मोठा असतो, साधारण साठ ते नव्वद अँपिअर. पण कारला स्वतःचा संसार असतो. इंजिनचा कॉम्प्युटर, फ्यूएल पंप, दिवे, एसीचा ब्लोअर. उरलेलं अ‍ॅम्पला.

फ्यूज खोटं बोलत नाही (फारसं)

आता दुकानात करायचं काम. खोकं बाजूला ठेवा. अ‍ॅम्प हातात घ्या आणि जिथं बॅटरीची वायर जोडतात तिथं बघा. रंगीत प्लास्टिकचे एक, दोन किंवा तीन फ्यूज दिसतील. त्यावर आकडा असतो. २५, ३०, ४०. तो अँपिअरचा आकडा आहे.

समजा ३० चे दोन फ्यूज आहेत. झाले ६० अँपिअर. गुणिले १४. झाले ८४० वॉट. ही आत जाणारी वीज. आता बाहेर किती येईल हे अ‍ॅम्पच्या जातीवर अवलंबून आहे. क्लास एबी जातीचा असेल तर तो पूर्ण आवाजालाही साधारण पन्नास-साठ टक्केच बाहेर देतो, बाकीची उष्णता. म्हणजे सव्वाचारशे ते पाचशे वॉट. क्लास डी असेल, जे बहुतेक मोनोब्लॉक असतात, तर ऐंशी टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पावणेसातशे. आणि खोक्यावर? खोक्यावर ५००० असू शकतं. वर मोठ्या अक्षरात ‘मॅक्स’ लिहिलेलं असतं.

उलटाही हिशेब करा. खरोखर पाच हजार वॉट काढायचे असतील तर चांगल्या क्लास डी अ‍ॅम्पला आत सव्वासहा हजार वॉट लागतील. चौदानं भागा. साडेचारशे अँपिअर! छोट्या कारचा सेल्फ मारताना स्टार्टर दोन-तीन सेकंद शे-दोनशे अँपिअर ओढतो, तेवढ्यानं दिवे मंद होतात. तुम्ही अख्खं गाणं त्याच्या दुप्पट-तिप्पट ओढायला निघालात.

इथं एक प्रामाणिक आक्षेप येतो, आणि तो बरोबर आहे. गाणं म्हणजे सलग वीज नाही. ढोल एकदा वाजतो, मग अर्धा सेकंद शांतता. त्या ठोक्यापुरती जास्तीची वीज बॅटरीतून आणि अ‍ॅम्पमधल्या कपॅसिटरमधून मिळते. फ्यूजही क्षणभर जास्त करंट सहन करतो. म्हणून फ्यूजचा हिशेब हा तंतोतंत नाही, अंदाज आहे. क्षणापुरता खरा आकडा त्याच्यापेक्षा थोडा वर असू शकतो. पण थोडा. पाचशेचा सहाशे-सातशे होईल, पाच हजार नाही. दुसरी गोष्ट, फ्यूज ही कमाल मर्यादा सांगतो, हमी देत नाही. डोक्यानं तल्लख कंपनी हलक्या अ‍ॅम्पला मोठा फ्यूज बसवू शकते. म्हणून फ्यूज बघून ‘यापेक्षा जास्त नाही’ एवढंच म्हणायचं. ‘एवढं नक्की आहे’ असं नाही.

आकडा फुगतो कसा?

मोठे आकडे आकाशातून पडत नाहीत. त्यांची एक रीत आहे, ती कळली की खोकं वाचायला मजा येते.

पहिली रीत, पीएमपीओ. घरात जुना टेपरेकॉर्डर असेल तर त्याच्यावर हे स्टिकर सापडेल. पीक म्युझिक पॉवर आउटपुट. ऐकायला शास्त्रीय. पण हे कसं मोजायचं याचं कुठलंच मान्य प्रमाण नाही. म्हणजे जो जे लिहील ते खरं. उसाच्या वजनाला काटा नाही आणि चिठ्ठीवर टन लिहायची मुभा, असा प्रकार.

दुसरी रीत, चौकोनी लहर. गाडीतल्या साध्या डेकवर ‘५० × ४’ लिहिलेलं असतं ना? ते कुठून येतं बघा. डेकच्या आत व्होल्टेज वाढवणारा सप्लाय नसतो. त्याला जे १४.४ व्होल्ट मिळतात तेच जास्तीत जास्त स्पीकरपर्यंत जातात. बारावीच्या एसी सर्किटच्या धड्यात आरएमएस शिकलात, तेच वापरा. १४.४ ला १.४१४ नं भागा, आले १०.२ व्होल्ट. त्याचा वर्ग करून चार ओहमच्या स्पीकरनं भागा. २६ वॉट. हीच खरी कमाल मर्यादा, तीही आतलं सगळं आदर्श धरून. मग ५० कसे? १४.४ चा वर्ग थेट चारनं भागा. ५१.८! म्हणजे डेकला इतकं पिळायचं की गोल लहरीची चौकोनी लहर होईल, ज्यात गाणं उरतच नाही, फक्त खरखर. त्या खरखरीचं वजन करून खोक्यावर छापायचं. टीडीए ७३८८ नावाची आयसी कितीतरी डेकमध्ये असते. तिच्या कंपनीच्या कागदावर दोन्ही आकडे शेजारी-शेजारी दिलेत, ४५ वॉट मॅक्स आणि १० टक्के विकृतीला २६ वॉट. आयसी बनवणारा खरं सांगतो. डेक विकणारा त्यातला सोयीचा अर्धा भाग वाचतो.

तिसरी रीत, बेरीज. चार चॅनेल, प्रत्येकी अमुक, सगळ्यांची बेरीज, तीही एक ओहमला, तीही मॅक्स. तुम्ही मात्र घरी नेऊन दोनच स्पीकर लावणार, तेही चार ओहमचे.

चौथं उदाहरण तुमच्यातल्या जुगाडू मंडळींसाठी. ४४४० चं बोर्ड कुणी लावलं नाही? पोरांचं पहिलं प्रेम असतं ते. बाजारात ‘डबल आयसी’ बोर्ड शंभर-दोनशे वॉटच्या नावानं मिळतं. मूळ एलए ४४४० आयसीच्या डेटाशीटवर काय लिहिलंय? स्टिरिओला सहा-सहा वॉट, आणि ब्रिज केली तर १९ वॉट. दोन आयसी ब्रिज केल्या तर अडतीस. बाकीचे वॉट आपल्या मनात असतात.

‘पण आवाज तर येतोय ना?’

हा प्रश्न हमखास येतो. दुकानात बटण दाबलं, काच हलली, छाती हलली. मग आकडा खोटा असला तर बिघडलं काय?

याचं उत्तर असं की आपला कान वॉट मोजत नाही. वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त तीन डेसिबलनं वाढतो. हा फरक कळतो, पण जेमतेम. कानाला ‘दुप्पट’ वाटायला वॉट साधारण दहापट करावे लागतात. म्हणून खरा तीनशे वॉटचा अ‍ॅम्प बऱ्या स्पीकरवर लावला की तो ‘पाच हजारचा’ म्हणून सहज खपतो. दणका खरा असतो, आकडा खोटा असतो. आणि आपण दणका ऐकून आकड्यावर विश्वास ठेवतो.

उलट जी गोष्ट खरोखर आवाज वाढवते तिच्याकडं कुणी बघत नाही. स्पीकरच्या मागच्या कागदावर सेन्सिटिव्हिटी लिहिलेली असते. एक वॉट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल. एक स्पीकर ८७ चा आणि दुसरा ९० चा असेल, तर ९० वाल्याला शंभर वॉट दिले की ८७ वाल्याला दोनशे दिल्याएवढा आवाज येतो. म्हणजे स्पीकर नीट निवडला तर अर्धा अ‍ॅम्प फुकट. हे सांगणारा दुकानदार विरळा, कारण सेन्सिटिव्हिटी सोनेरी अक्षरात छापता येत नाही.

आता बिघडतं काय ते सांगतो. खोट्या आकड्याच्या भरवशावर तुम्ही बाकीची जमवाजमव करता. अ‍ॅम्प पाच हजारचा समजून मोठाले वूफर घेता. मग आवाज कमी वाटतो. मग गेन पूर्ण फिरवता. अ‍ॅम्प आपल्या खऱ्या मर्यादेच्या पलीकडं गेला की लहर वरून-खालून कापली जाते, यालाच क्लिपिंग म्हणतात. कापलेली लहर स्पीकरच्या कॉइलला सतत तापवत ठेवते, आणि ट्विटर तर पहिला जातो. मेस्त्री म्हणतो, ‘स्पीकर हलका होता, मालक.’ तुम्ही अजून मोठा स्पीकर घेता. चूक स्पीकरची नव्हती. खोक्याची होती.

तिकडं आवाज कमी म्हणून दुसरा अ‍ॅम्प लावला की बॅटरीवर ताण. ट्रॅक्टरची ७५ एएचची बॅटरी, इंजिन बंद ठेवून साठ अँपिअर ओढले, तर कागदावर सव्वा तास. प्रत्यक्षात इतक्या जोरात ओढल्यावर शिशाची बॅटरी त्याहून बरंच कमी देते. वरातीत ट्रॅक्टर ढकलून चालू करावा लागतो तो याच्यामुळं. आणि पेरणीच्या सकाळी सेल्फ लागला नाही, तर घरात जे ऐकून घ्यावं लागतं ते कुठल्याही वूफरपेक्षा मोठं असतं.

वायरचं तर विचारूच नका. अ‍ॅम्पसोबत फुकट मिळणारं वायरिंग किट बाहेरून जाडजूड दिसतं. प्लास्टिक सोलून बघा. बऱ्याचदा आत केसासारख्या तारा, त्याही ॲल्युमिनियमच्या, वरून तांब्याचा मुलामा. तांब्यापेक्षा तिचा रोध जास्त, म्हणून ती जास्त तापते. बॅटरीच्या टोकाजवळ फ्यूज नसेल आणि ती वायर बोनेटच्या पत्र्याला घासून उघडी पडली, तर गाडी पेटायला वेळ लागत नाही. अ‍ॅम्पवरचा फ्यूज अ‍ॅम्पला वाचवतो. वायरला आणि गाडीला वाचवणारा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावरच पाहिजे. ही एक ओळ लक्षात ठेवली तरी आजचं पान वाचल्याचं सार्थक झालं.

हा फक्त हौसेचा प्रश्न नाही

तुमच्यातले कितीतरी जण सुट्टीत साउंडवाल्याच्या हाताखाली काम करतात. कुणी दोघं-तिघं मिळून पिकअपवर सेट बांधायचं बघत असतो. एप्रिल-मेची लग्नं, चौदा एप्रिल, शिवजयंती, गणपती, माळेगावची यात्रा. सुपारी मिळते, पैसा फिरतो. यात कमीपणा काही नाही. नांदेड-लातूरकडच्या तालुक्यांत पोरांनी स्वतःच्या जिवावर उभा केलेला हा धंदा आहे. पण यातलं भांडवल कुठून येतं? सोयाबीनच्या पट्टीतून, बचत गटातून आईनं उचललेल्या पैशातून, नाहीतर फायनान्सच्या हप्त्यातून. तो पैसा खोक्यावरच्या शाईला द्यायचा का, हा खरा प्रश्न आहे.

शेतकऱ्याला बोगस बियाणं विकलं तर आपण तालुक्याला मोर्चा काढतो. पेट्रोल पंपावर मापात पाप झालं तर व्हिडिओ काढतो. पण दहापट फुगवलेला वॉट आपण हसत-हसत घेतो, आणि वर मित्राला फुगवूनच सांगतो. म्हणजे या फसवणुकीत आपणही थोडे भागीदार आहोत. ज्याला ‘चारशे वॉट आरएमएस’ असं खरं लिहिलेला अ‍ॅम्प विकायचाय, त्याचं खोकं काउंटरवर धूळ खात पडतं. शेजारी ‘५०००’ वाला खपतो. खरं बोलणाऱ्याचं नुकसान आपण करतो.

बाहेरच्या जगात हे भांडण जुनं आहे. अमेरिकेत घरगुती अ‍ॅम्पच्या फुगवलेल्या आकड्यांना आवर घालण्यासाठी तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं १९७४ मध्ये नियम आणला. पण तो घरातल्या यंत्रांसाठी होता. गाडीतल्या अ‍ॅम्पसाठी तिथल्या कंपन्यांच्या संघटनेनंच २००३ मध्ये सीईए-२००६ नावाचं प्रमाण ठरवलं. १४.४ व्होल्टला, चार ओहमवर, विकृती एक टक्क्याच्या आत ठेवून जेवढे वॉट निघतील तेवढेच छापायचे. हे प्रमाण ऐच्छिक आहे, सक्तीचं नाही. म्हणून ज्या खोक्यावर हे नाव आहे त्याचा आकडा छोटा दिसतो. छोटा आकडा म्हणजे कमी ताकद नव्हे. बऱ्याचदा तो फक्त खरा आकडा असतो.

आपल्याकडंही हात अगदीच रिकामे नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे, आणि वस्तूच्या क्षमतेबद्दल खोटं सांगणं त्यात बसतं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही. फक्त एक अट आहे, पक्कं बिल. ‘बिल कशाला, दोनशे कमी करतो’ असं म्हटल्यावर आपण पाघळलो, तर पुढं तक्रार कशाच्या जोरावर करणार? बिलावर मॉडेल नंबर आणि आरएमएस वॉट लिहून मागा. लिहायला दुकानदार का-कू करायला लागला, तर उत्तर तिथंच मिळालं.

कॉलेजनं एक टेबल मांडावं

आता माझी एक मागणी, आणि ती तुमच्याकडं आहे. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीला फील्ड प्रोजेक्ट आलाय. दरवर्षी त्यासाठी इंटरनेटवरून काहीतरी उतरवून काढलं जातं आणि फाईल कपाटात जाते. त्याऐवजी फिजिक्सच्या पोरा-पोरींनी लॅबबाहेर एक टेबल मांडावं. ‘तुमचा अ‍ॅम्प आणा, खरे वॉट सांगतो.’ शेजारच्या आयटीआयचे इलेक्ट्रिशियन ट्रेडवाले सोबत घ्यावेत.

लागणारं सामान फार नाही. चार ओहमचा मोठ्या ताकदीचा वायरवाउंड रेझिस्टर, जो स्पीकरच्या जागी लावायचा, म्हणजे कानठळ्या बसत नाहीत. एक मल्टिमीटर. डीसी मोजणारा टाँग टेस्टर. चांगली चार्ज केलेली बॅटरी. आणि फोनमध्ये पन्नास हर्ट्झचा सूर काढणारं ॲप. गेन हळूहळू वाढवायचा आणि लॅबच्या सीआरओवर लहर बघायची. ती कापली जायला लागली की थांबायचं आणि रेझिस्टरवरचे एसी व्होल्ट वाचायचे. समजा २८ आले. २८ चा वर्ग ७८४, भागिले ४, झाले १९६ वॉट. त्याच वेळी बॅटरीकडून १३.५ व्होल्टला ३० अँपिअर जात असतील, तर आत ४०५ वॉट. म्हणजे अर्धे बाहेर, अर्धे उष्णता. हिशेब जुळला, क्लास एबी आहे.

आणि कुणी पाच हजारवाला आला, तर त्याला मोजण्याआधीच सांगा, ‘दादा, चार ओहमवर पाच हजार वॉट काढायचे तर स्पीकरच्या टोकाला १४१ व्होल्ट यायला पाहिजेत. मग तिथं बोट लावून दाखवा.’ अर्थात हे गमतीनं. खरं बोट कुणीच लावू नका. मोठ्या अ‍ॅम्पच्या टोकाला झटका देण्याएवढे व्होल्ट असतात, रेझिस्टर इस्त्रीसारखा तापतो, आणि सीआरओचा अर्थ कुठं जोडायचा यात चूक झाली तर ब्रिज केलेला अ‍ॅम्प जागेवर जातो. म्हणून सर किंवा मॅडम शेजारी असल्याशिवाय हे करायचं नाही.

अशा दहा-वीस अ‍ॅम्पची यादी करून नोटीस बोर्डावर लावली, खोक्यावरचा आकडा एका रकान्यात आणि मोजलेला दुसऱ्या रकान्यात, की बघा तालुक्यात काय होतं. आठवड्यात ती यादी प्रत्येक फिटिंगच्या दुकानात पोचलेली असेल. साउंडवाला एखादा दादा कॉलेजच्या गेटवर येऊन विचारेल, ‘माझं बी मोजून देता का?’ विद्यापीठाच्या परीक्षेत पाच मार्कांना येणारी व्याख्या पाच हजारांचं नुकसान वाचवते, हे ज्या दिवशी गावाला दिसेल, त्या दिवशी ‘सायन्स घेऊन काय करणार’ हा प्रश्नही जरा कमी होईल.

जाता जाता कानाचं. खरे वॉट मोजायला शिकलात की एक गोष्ट कळेल, की फार कमी वॉटमध्ये फार मोठा आवाज होतो. ९० डेसिबलचा साधा स्पीकर, खरे पाचशे वॉट, तर मीटरभर अंतरावर कागदोपत्री ११७ डेसिबल. बंद गाडीत तुमचा कान मीटरभरही लांब नसतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ९० डेसिबल आठवड्याला चार तास आणि १०० डेसिबल आठवड्याला वीसच मिनिटं ऐकणं सुरक्षित. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमात निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. म्हणजे आपल्याला पाच हजार वॉटची गरजच नव्हती. बापानं पैसे दिले होते, खोक्यावर लिहिलं होतं, म्हणून घेतलं.

तेव्हा पुढच्या वेळी काउंटरवर कुणी म्हणालं, ‘भाऊ, पाच हजार वॉट, डोळे झाकून न्या,’ तर डोळे उघडे ठेवून चारच प्रश्न विचारा. आरएमएस किती? किती ओहमवर? किती व्होल्टला? विकृती किती टक्के? मग अ‍ॅम्प उलटा करून फ्यूज वाचा, मोबाइलमध्ये गुणाकार करा आणि तो आकडा दुकानदाराला दाखवा. तो चिडणार नाही. बहुतेकांना हे माहीत असतं. आजवर कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.